पाण्याचा मुक्काम किती दिवसांचा?

तलासरी तालुक्यातल्या कुर्झे धरणावर जुलैत गेलात तर समोर तांबूस, मातकट पाणी पसरलेलं असतं. दिवाळी उलटली की तेच पाणी निवळतं. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की काठाकाठाने हिरवा तवंग धरू लागतो. कोकणपट्टीतल्या कितीतरी धरणांचं वर्ष साधारण याच तीन रंगांत जातं, म्हणून त्यात काही कोडं आहे असं कुणाला वाटत नाही. पावसात माती येते, मग ती बसते, उन्हाळ्यात शेवाळ माजतं, झालं.

जरा हिशेब करून बघा. शेवाळाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात, खत आणि ऊन. खत येतं पावसात, डोंगरउतारावरच्या आणि भातखाचरांतल्या मातीबरोबर. गढूळपणा बसून ऊन आत पोचतं ऑक्टोबरात. म्हणजे पाणी हिरवंगार व्हायला हवं नोव्हेंबरात. मग मे का उजाडावा लागतो? मधले चार-पाच महिने ते शेवाळ जातं कुठे?

त्याला खाणारे आहेत. निवळलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं, तर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके झटके देत हलताना दिसतात. ती घाण नव्हे, ते प्राणी आहेत. प्रवाहाविरुद्ध पोहून जाण्याइतकी ताकद नसलेले, पाणी नेईल तिकडे जाणारे असे जे जीव असतात त्यांना प्लवक म्हणतात. त्यातले सूक्ष्म शेवाळाच्या जातीचे ते वनस्पतिप्लवक आणि त्यांना खाणारे, किंवा एकमेकांना खाणारे, ते प्राणिप्लवक. हा लेख दुसऱ्या गटाचा आहे.

कुर्झे धरण वरोळी नदीवर आहे. दापचरीच्या दुग्धप्रकल्पाशी त्याचं नाव जोडलेलं असल्यामुळे पुष्कळ जण त्याला दापचरीचं धरण म्हणतात. मातीचा भराव, उंची सुमारे २३ मीटर, लांबी दोन किलोमीटरहून जास्त. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा या भिंतीची काळजी करणाऱ्या बातम्या बऱ्याच आल्या. भिंतीच्या आतल्या पाण्यात काय चाललंय याची बातमी कधी होत नाही. खरं तर तिथे दर आठवड्याला सत्तांतर होत असतं.

मुक्काम आणि पिढी

पावसाळ्यापासून सुरुवात करू, कारण इथल्या पाण्याचं वर्ष तिथेच सुरू होतं. डहाणू-तलासरीत वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका चौरस किलोमीटरवर दोन मीटर पाऊस म्हणजे वीस लाख घनमीटर पाणी. त्यातलं निम्मं जरी वाहून आलं तरी हे धरण भरायला फार मोठा डोंगराळ मुलूख लागत नाही. भरलं की पुढचं पाणी सांडव्यावरून जातं.

कुर्झेत पूर्ण भरल्यावर सुमारे ३.९ कोटी घनमीटर पाणी मावतं. समजा, पावसाच्या जोरात रोज ४० लाख घनमीटर पाणी आत येतंय आणि तेवढंच बाहेर पडतंय. (हा आकडा हिशेबापुरता धरलेला आहे.) याचा अर्थ धरणात पाण्याचा मुक्काम सरासरी दहा दिवसांचा. रोज धरणातल्या दहा भागांपैकी एक भाग पाणी बदलतं आणि त्याबरोबर दहातला एक प्लवक जीव सांडव्यावरून खाली जातो. त्याला पोहून मागे येता येत नाही. मग त्या जातीने टिकायचं कसं? एकच मार्ग: रोज दहाला एकापेक्षा जास्त नवे जन्माला घालायचे.

आठवडी बाजारात हाच प्रश्न वेगळ्या रूपात सुटलेला असतो. पाटी घेऊन येणारी भाजीवाली पाच मिनिटांत दुकान मांडते. बांबू, ताडपत्री, फळ्या घेऊन येणाऱ्या कापडवाल्याला त्यासाठी सकाळ घालवावी लागते. बाजार दिवसभर एका जागी असेल तर दोघांचाही धंदा होतो. पण बाजाराची जागा दर तासाला बदलू लागली तर फक्त पाटीवालीच विकू शकेल. कापडवाल्याच्या फळ्या उभ्या राहण्याआधीच बाजार पुढे गेलेला असेल.

धरणातल्या पाटीवाल्या म्हणजे रोटिफर. त्यांची पिढी दोन-तीन दिवसांत उरकते, म्हणून जुलै-ऑगस्टच्या वाहत्या, गढूळ पाण्यात जे थोडेफार प्राणिप्लवक सापडतात त्यात बहुधा त्यांचाच भरणा असतो. कोपेपॉड हे कापडवाले. अंड्यातून बाहेर आल्यावर अकरा वेळा कात टाकायची, मग प्रौढ व्हायचं, मग जोडीदार शोधायचा. तोवर दोन ते चार आठवडे गेलेले असतात आणि पाणी केव्हाच समुद्राच्या वाटेला लागलेलं असतं.

> चौकट: गाळणीत कोण सापडतं?
>
> रोटिफर: बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान. डोक्यावर केसांचं कडं असतं. ते भिंगाखाली चाक फिरल्यासारखं दिसतं. बहुतेक माद्याच असतात आणि नराशिवाय अंडी घालतात.
>
> पाणपिसवा (डाफ्निया, मोइना, सेरिओडाफ्निया): अर्धा ते तीन मिलिमीटर. पारदर्शक कवचातून आतलं हिरवं आतडं आणि पाठीवरच्या पिशवीतली पिल्लं दिसतात. कोमट पाण्यात आठवड्याभरात वयात येतात.
>
> कोपेपॉड (सायक्लॉप्स, डायॅप्टोमस): साधारण एक-दोन मिलिमीटर. अंग निमुळतं, मिशा लांब, पोहणं झटक्याझटक्याने. नर-मादी दोन्ही लागतात, वाढ सावकाश.
>
> ऑस्ट्रॅकॉड: दोन शिंपांत बंद झालेला दाणा. तळाशी आणि पाणवनस्पतींत जास्त.

पाणपिसवांचं काय? वेग त्यांच्याकडे आहे, पण पावसाळ्यात त्यांचं दुखणं वेगळं असतं. त्यांच्या पायांवर बारीक दातांच्या फण्या असतात. पाय सतत हलवत त्या पाणी ओढतात आणि फणीत अडकेल ते गिळतात. चव बघायची सोय जवळजवळ नाही. पुराबरोबर आलेल्या चिकणमातीचे कण नेमके सूक्ष्म शेवाळाएवढेच असतात, त्यामुळे आतडं मातीने भरतं आणि प्राणी भरल्या पोटी उपाशी राहतो. त्यात गढूळपणामुळे ऊन आत जात नाही, म्हणजे शेवाळही कमी. डायॅप्टोमससारखे कोपेपॉड एकेक कण पारखून घेऊ शकतात, पण पाण्याचा मुक्काम त्यांना पुरत नाही. प्रत्येकाची अडचण निराळी आहे, आणि पावसाळा त्या सगळ्या एकदम आणतो.

निवळल्यानंतर

सप्टेंबरच्या शेवटी आवक मंदावते. सांडवा थांबतो, आणि पाण्याचा मुक्काम दहा दिवसांवरून काही महिन्यांवर जातो. माती तळाला बसते, ऊन आत शिरतं, विरघळलेलं खत तिथेच असतं. शेवाळ वाढू लागतं. पण आता खाणाऱ्यांनाही वेळ मिळालेला असतो. आधी रोटिफर वाढतात, मग पाणपिसवा, मग कोपेपॉड. ज्याची पिढी जितकी लांब तितका तो मागाहून येतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मोठी डाफ्निया दिवसाला दहा-वीस मिलिलिटर पाणी चाळते. एका लिटरमध्ये अशा पन्नास असल्या तर त्या दिवसभरात निम्मं ते अख्खं लिटर गाळून काढतात. शेवाळ वाढत नाही असं नाही. ते वाढतं आणि लगेच खाल्लं जातं. निवळलेलं पाणी बघून आपल्याला वाटतं त्यात काही नाही. पुष्कळदा ते तसं दिसतं, कारण त्यात बरंच काही आहे.

थंडीचाही हात असतो. इथली थंडी म्हणजे काही बर्फ नव्हे, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पृष्ठभागाचं पाणी गार होऊन जड होतं, खाली जातं, आणि वरखाली ढवळण होते. त्यामुळे तळापर्यंत हवा पोचते. शिवाय गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मोठ्या अंगाच्या पाणपिसवांना हा काळ मानवतो.

मे महिन्याची अडचण

उन्हाळ्यात मुक्कामाची अडचण नसते. बाहेर जाणारं पाणी कालव्यापुरतं आणि बाष्पीभवनापुरतं, आत येणारं जवळजवळ शून्य. तरीही मोठ्या पाणपिसवा हटतात. त्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

पहिलं, ऊन. दहा अंश तापमान वाढलं की अशा प्राण्यांच्या शरीराचा खर्च दुपटी-तिपटीने वाढतो, आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो. लहान अंगाला हा ताळमेळ जमवणं सोपं जातं. उष्ण प्रदेशातल्या तलावांत मोठ्या डाफ्निया कमी आणि मोइना, सेरिओडाफ्निया, डायाफॅनोसोमा अशा लहान पाणपिसवा जास्त, हे जगभर दिसलेलं आहे.

दुसरं, थर. पाणी जितकं कोमट तितका तापमानातला बारीक फरकही घनतेत मोठा पडतो. ८ आणि १० अंशांच्या पाण्यात जेवढा जड-हलका फरक असतो त्याच्या कितीतरी पट २८ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. त्यामुळे मे महिन्यात वरचं पाणी खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनीच गरम असलं तरी दोन थर मिसळत नाहीत. खालच्या थरात कुजणं चालू राहतं, हवा संपते, आणि प्राणवायू नसलेल्या गाळातून धरून ठेवलेलं फॉस्फरस पाण्यात सुटू लागतं. म्हणजे पावसात आलेल्या खताचा राहिलेला हप्ता उन्हाळ्यात मिळतो, तोही आटलेल्या पाण्यात. त्यावर नीलहरित शेवाळ फोफावतं. त्याचे गोळे किंवा धागे पाणपिसवांच्या फण्यांत मावत नाहीत, अडकतात, आणि काही जाती विषारीही असतात. मोठा चाळणारा इथे नापास होतो. त्या गोळ्यांभोवतीचे जिवाणू आणि कुजके कण खाऊन जगणारे लहान रोटिफर मात्र पास होतात. ब्रॅकिओनस नावाचा रोटिफर अशा खतावलेल्या पाण्यात इतक्या हमखास मिळतो की तो भरपूर दिसला की पाणी तपासणारे लगेच सांडपाण्याचा, गुरांच्या धुण्याचा विचार करतात. पाणी मागे हटल्यावर काठावर गाळपेर होत असेल तर तिथलं रासायनिक खतही पुढच्या पावसात धरणातच येतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडच्या अहवालांत ते सर्वांत कमी येतं: मासे. पाणी एक तृतीयांश उरलं तरी मासे तितकेच असतात. मासा डोळ्याने शिकार करतो, त्यामुळे तो आधी मोठा प्राणी उचलतो. १९६५ साली जॉन ब्रुक्स आणि स्टॅन्ली डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी कनेक्टिकटमधल्या क्रिस्टल लेकचे १९४२ आणि १९६४ चे नमुने शेजारी ठेवले. मधल्या काळात तिथे प्लवक खाणारा एक मासा शिरला होता. आधी मोठे प्राणिप्लवक होते, नंतर लहानांचंच राज्य उरलं. पाणी तेच, हवामान तेच. आपल्या धरणांत सोडला जाणारा कटला हा प्राणिप्लवकांवरच वाढणारा मासा आहे. त्याचं वर वळलेलं तोंड पाहिलं तरी तो कुठल्या थरात जेवतो ते कळतं.

उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम माणसांनी भोगलेला आहे. पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी खाली गेलं की सायक्लॉप्स थोड्या पाण्यात दाटतात. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या पायाच्या फोडातून जंताच्या अळ्या पाण्यात जात, सायक्लॉप्स त्या गिळत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षभराने हातभर लांब जंत बाहेर येई. सायक्लॉप्सचा हा हात १८७० साली अलेक्सेई फेदचेंको या रशियन अभ्यासकाने मध्य आशियात ओळखला. महाराष्ट्र नारूच्या राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेतलं एक मोठं हत्यार होतं दुहेरी फडकं. सायक्लॉप्स एक मिलिमीटरच्या आसपास असतो, तो फडक्यात अडकतो.

दिवसाचेही ऋतू असतात

मासा डोळ्याने खातो, तर उजेड टाळणं हा बचाव झाला. म्हणून कितीतरी प्राणिप्लवक दिवसा खोल अंधारात राहतात आणि सूर्य मावळला की जेवायला वर येतात. चांदण्यात काय होत असेल? मोझांबिकमधल्या काहोरा बासा या धरणावर ग्लिविच नावाच्या पोलिश संशोधकाने १९८६ मध्ये दाखवलं की तिथल्या प्राणिप्लवकांची संख्या चंद्राबरोबर वरखाली होते. पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत आधी अंधार पडतो आणि चंद्र उशिरा उगवतो. अंधार समजून वर आलेले जीव अचानक उजेडात सापडतात आणि मासे त्यांचा फडशा पाडतात. म्हणजे त्यांचा घात करतो तो उशिरा उगवणारा चंद्र.

गाळातला साठा

कोरड्या पडलेल्या काठावर मे महिन्यात भेगाळलेल्या चिखलाशिवाय काही नसतं. पहिल्या पावसाने तिथे वीतभर पाणी साचलं की दोन-चार दिवसांत ते जिवंत होतं. हे जीव येतात त्या चिखलातूनच. पाणी आटू लागलं, गर्दी वाढली, खाणं घटलं की पाणपिसवा आपला रिवाज बदलतात. एरवी नराशिवाय पिल्लं काढणाऱ्या माद्या नर जन्माला घालतात, आणि मग एक-दोन अंड्यांचं काळपट, चिवट कवच तयार होतं. ते ऊन, कोरडेपणा, बदकाचं पोटसुद्धा सहन करतं. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका तळ्याच्या गाळातून काढलेली, सुमारे सातशे वर्षांपूर्वीची डाफ्नियाची अंडी २०१४ मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात उबवली गेली. म्हणजे कुठल्याही जुन्या तलावात आज पोहणारे जीव हा त्या तलावाचा एक भाग झाला. दुसरा भाग गाळात झोपलेला असतो, आणि गाळ उपसला तर तोही ट्रकमधून जातो.

वळगणीचे मासे इथे आठवतात. पहिल्या पावसात मासे उलट्या धारेने वर चढतात, ओहोळांतून खाचरांपर्यंत जातात, आणि पोरं-बाया ते पकडायला धावतात. उथळ, साचलेल्या पाण्यात अंडी घालण्यात माशाचा फायदा काय, ते आता उघड आहे. नदी-धरणातलं पाणी त्या दिवसांत धावत असतं, तिथे प्लवकाला थारा नाही. खाचरातलं पाणी बांधाने अडवलेलं असतं, मुक्काम लांब असतो, आणि तळाच्या अंड्यांतून रोटिफर आधीच निघालेले असतात. पिल्लाला पहिला घास तिथेच मिळतो.

महिन्यातून एकदा

आपल्याकडे महाविद्यालयांतून धरणांतल्या प्राणिप्लवकांचे पुष्कळ अभ्यास होतात. पद्धत बहुधा ठरलेली: महिन्यातून एकदा, सकाळी, काठाजवळून बारीक जाळीच्या नायलॉन गाळणीने ठराविक लिटर पाणी गाळायचं, फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, आणि पावसाळा-हिवाळा-उन्हाळा अशा चार-चार महिन्यांच्या तीन रकान्यांत सरासरी लावायची. या कामाची मेहनत मला मान्य आहे. नुसती जातींची यादी हवी असेल तर ते पुरतं. पण दोन नमुन्यांच्या मध्ये रोटिफरच्या दहा पिढ्या होऊन जातात. सकाळच्या उजेडात वरच्या पाण्यात डाफ्निया मिळाली नाही तर ती धरणात नाही असं नव्हे, ती खाली असू शकते. आणि जून हा एकाच रकान्यात घालण्यासारखा महिना नाहीच: पहिल्या आठवड्यात तो मे असतो, शेवटच्या आठवड्यात पूर. महिनाभराचं अंतर ठेवून वर्षभर काम करण्यापेक्षा जूनचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर, एवढेच दिवस एक दिवसाआड, रात्रीसह मोजले तर जास्त कळेल.

मत्स्यजिऱ्यांची वेळ

हे घड्याळ पाळून पोट भरणारे लोक आहेतच. संवर्धन तळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे माशांची काही दिवसांची पिल्लं, सोडण्याआधी शेण टाकतात आणि थांबतात. पन्नास लिटर पाणी गाळणीतून काढून नळीत बसू दिलं आणि तळाला मिलिलिटर-दोन मिलिलिटर प्लवक बसलं तर तळं तयार मानतात. पण त्या मिलिलिटरमध्ये कोण आहे हेही बघावं लागतं. शेण पडल्यावर पहिल्या काही दिवसांत रोटिफर वाढतात. तीन-चार दिवसांच्या जिऱ्याच्या तोंडात तेच मावतात. पुढच्या आठवड्यात मोइना येते, तोवर जिरे ती गिळण्याइतके मोठे झालेले असतात. बीज यायला पंधरा-वीस दिवस उशीर झाला, तर नळीत प्लवक तेवढंच बसतं, कदाचित जास्तच. पण एव्हाना त्यात सायक्लॉप्स असतात, आणि त्यांतल्या शिकारी जाती नुकत्या सोडलेल्या जिऱ्यालाच धरतात. अशा वेळी पाणी काढून टाकून शेणापासून पुन्हा सुरुवात केलेली परवडते.